सासूबाईंना दिसली पाहिजे

लातूरच्या डॉक्टरांनी देवणीहून आलेला एक्स-रे संगणकावर मोठा करून पाहिला आणि फोनवर सांगितलं, "मनगटाला बारीक चीर आहे. महिनाभर काम बंद."

"मला फिल्म काढून द्या," गीतांजली एक्स-रेवाल्याला म्हणाली.

"फिल्मवर एवढी बारीक चीर दिसत न्हाई, ताई. डॉक्टरला दिसली, बास की."

"भाकरी काय डॉक्टरला थापून घालायच्यात? सासूबाई म्हणतात, नाटक हाय. त्यांना दिसली पाहिजे."

घरी रुक्मिणबाईंनी फिल्म उन्हात धरली. उलटी केली, सुलटी केली. मग बराच वेळ सुनेच्या सुजलेल्या हाताकडं पाहत राहिल्या.

"अगं बया, केवढी मोठी चीर हाय ही!" असं म्हणत त्यांनी पिठाची परात स्वतःकडं ओढून घेतली.