ठणठणीत खटका

शालनवहिनींच्या सासऱ्यांच्या जुन्या बोल्ट रायफलला बाबालाल शिकलगारांनी नवी नळी बसवली होती. नवा शिसवी दस्ता वहिनींच्या हाताच्या मापानं घासून होत आला होता. वहिनींनी तो खांद्याला टेकवून पाहिला आणि मान हलवली. "अजून बोटभर कमी करा, चाचा."

बाबालाल पुन्हा कानस चालवू लागले. गेल्या वर्षी रानडुकरांच्या शिकारीत वहिनींचे यजमान गेले होते, तेही धाकट्या दिराच्या गोळीनं. त्याच घरातल्या बाईनं शिकारीची बंदूक बांधून घ्यावी, याचं त्यांना पहिल्या दिवसापासून भय वाटत होतं.

"रविवारी डुकरं उठवायला रानात हाका आहे. मी भाऊजींच्या शेजारीच बसणार आहे," वहिनी म्हणाल्या.

"खटका तेवढा राहिलाय. जड ठेवू की हलका?"

"भाऊजींच्या बंदुकीचा खटका आपोआप सुटतो, असं पोलिसांना तुम्हीच लिहून दिलं होतं ना?"

कानस थांबली. त्या खटक्यात काडीचाही दोष नव्हता, हे दीर आणि आपण सोडून कुणालाच ठाऊक नाही, असं बाबालाल वर्षभर मनाला बजावत आले होते.

"हो," ते कसेबसे म्हणाले.

"मग माझाही तसाच करा. अगदी ठणठणीत." वहिनी पदर सावरत उठल्या. "आणि सोमवारी पोलीस आले, की तेच पुन्हा लिहून द्या."

त्या गेल्यावर बाबालाल बराच वेळ फोनकडे बघत बसले. पोलिसांना कळवावं, तर आधी आपलाच खोटा कागद कबूल करावा लागणार होता. शेवटी त्यांनी पेचकस उचलला आणि खटका बसवायला घेतला.