भरलेला कप

पलूसच्या शाळेत परदेशी लष्करी अधिकारी निवृत्त जवानांना त्यांची कामं विचारत होते आणि मी दुभाषी होते. त्यांतल्या आकारामनं "पलटणीचा बँडवाला" सांगताच परदेशी कर्नल हसला. "बांगलादेशच्या लढाईत काय वाजवलंत?" आकारामची मान ताठ झाली. "बाई, सायबास्नी आडवं व्हायला सांगा." घोंगडं दोन काठ्यांना गुंडाळून त्यानं झोळी केली, कर्नलच्या छातीवर चहाचा भरलेला कप ठेवला आणि बँडमधल्या साथीदार लालासाहेबासह त्याला उचलून शाळेमागच्या नांगरटीतनं चालू लागला. "बँडवाले असून पाय जुळत नाहीत?" दुसरा अधिकारी म्हणाला. "मुद्दाम! पाय जुळलं की झोळी हिंदकळती, जखमी कण्हतो. लढाईत बाजा ठिवून आमी हेच करायचो." बांधावर थांबले तेव्हा थेंबही सांडला नव्हता. झोळीतूनच कर्नलनं विचारलं, "असे कितीजण आणलेत?" "मोजलं न्हाई," आकाराम म्हणाला. "त्यातला एक ह्यो, काठ्यांची मागली टोकं धरून हुबा हाय."