मुखवट्याची नाडी

आल्याआल्या पोरगं आधी आरशापुढे उभं राहिलं, मग वडीलधाऱ्यांकडे वळलं. केस सारखे केले, हनुवटी वर करून स्वतःला न्याहाळलं. दोन्या कूकाच्या, म्हणजे घरच्या म्हाताऱ्या कूकाबाईंच्या, डोक्यात तिडीक गेली. पण सिनेमा कंपनीने आधी पाठवलेली सगळी पोरं तिने उंबऱ्यावरूनच परतवली होती, आणि आता तिलाही थकवा आला होता.

तिचा नवरा निकानोर जन्मभर पडद्यावर एकच माणूस झाला: एल तेकोलोते. घुबडाचा राखी मुखवटा, मागे नाडी. मुखवटे कूकाने शिवले, नाडी तिनेच बांधली. अख्ख्या मेक्सिकोत त्याची पोस्टरं लागली, पण त्याचं तोंड कुणी पाहिलं नाही. चारचौघांत जेवतानाही मुखवटा; शवपेटीतही तो मुखवट्यानिशीच गेला. आता डोळे मिटायच्या आत पुन्हा एकदा तरी, भरल्या थिएटरात "तेकोलोते!" अशी आरोळी तिला ऐकायची होती. आणि नव्या सिनेमातल्या नव्या तेकोलोतेसाठी कंपनीला हवी होती तिच्या हातची नाडी. तिने ती बांधली नाही, तर दोक्तोरेस वस्तीतलं कुत्रंही तिकीट काढणार नव्हतं.

"बस इथं. नाव काय तुझं?"

"बास्तियान. ओळखलं नाहीत, दोन्या? रात्रीच्या मालिकेत..."

"रात्री मी झोपते. मान खाली घाल."

तिने नाडी ओवली, आवळली. पोरगं उठलं, दोन पावलं चाललं आणि खांद्यावरून मागे वळून पाहिलं.

कूकाचा हात हवेतच राहिला. तीच खांद्याची ठेवण. तेच न बोलता बघणं. मेल्याने कुठून उचललं हे?

"जेव आता," ती म्हणाली आणि पोसोलेचा, मक्याच्या गरम रश्श्याचा, वाडगा पुढे सरकवला. "मुखवट्यातच जेवायचं. तोंडापुरती फट आहे."

"उकडतंय हो आत."

"त्यालाही उकडायचं."

तेवढ्यात कोपऱ्यावर तामाले, मक्याच्या पानात वाफवलेले उंडे, विकणारी चाबेला, रोजच्यासारखी, पातेलं घेऊन दारात आली. आत पाहिलं आणि तिने पातेलं तिथंच जमिनीवर टेकवलं. एप्रनला हात पुसले, कपाळापासून छातीपर्यंत क्रूस केला.

"आई गं... आलास होय रे बाबा परत?"

ती जवळ आली, भीतभीत त्याच्या बाहीला हात लावला. "माझं लग्न मोडलं ना, त्या दिवशी पुलावरच निघाले होते मी. वाटेत तुझा सिनेमा लागलेला. म्हटलं, एवढा बघून जाऊ. तू पुरातून त्या बाईला काढलंस, आणि मग मी घरीच गेले बघ. हे सांगायचं राहिलं होतं तुला."

कूका पोराकडे बघत राहिली. निकानोर असता, तर त्याने नुसती मान लववली असती.

पोरगं खूश झालं. "अहो मावशी, मी बास्तियान!" त्याने मागे हात घालून नाडी ओढली आणि मुखवटा उतरवून घामेजलेलं तोंड पुढे केलं. "आता बघा!"

चाबेलाने पाहिलं. बाहीवरचा हात हळूच मागे घेतला.

"अगंबाई. शाम्पूच्या जाहिरातीतला." मग वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "छान दिसतोस हो."

तिने पातेलं उचललं. तामाले द्यायचे विसरून, भिंतीला धरत ती निघून गेली.

"बघितलंत?" बास्तियान हसला. "त्यांनी तर लगेच ओळखलं मला!"

कूकाने त्याच्या हातातून मुखवटा घेतला. आतला घाम पदराने टिपावा तसा शालीच्या टोकाने टिपला, नाडी सरळ केली, घडी घातली आणि पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

"म्हणजे... माझं पक्कं ना, दोन्या?"

"वळतोस तर थेट त्याच्यासारखा, मुडद्या. तोंडही देखणं आहे तुझं," ती म्हणाली. "ते घरी ठेवून यायला जमलं, की ये."