गाडीला लागणारा हात

"दाब गो! हात दाब!" नामदेव स्टिअरिंगमागून ओरडले.

उघड्या बॉनेटमध्ये वाकून मंजुळाने कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबला. नाकात पेट्रोल, डोक्यावर ऊन. इंजिन खोकलं, गुरगुरलं आणि एकदाचं पेटलं. तोंड असं दाबल्याशिवाय ही जुनी पद्मिनी चालूच व्हायची नाही. म्हणजे नवऱ्याला पालघरला बँकेत जायचं असो की चिंचणीला चुलतभावाकडे, मंजुळा बरोबर हवीच. नाहीतर परतताना हात कोण दाबणार?

"जळली मेली ती गाडी!" पदराला हात पुसत ती म्हणाली. तिकडे अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळे ताव मारत होते. "नवीन कार्बोरेटर बसवा म्हणून कितीदा सांगायचं तुमाला?"

"ओरिजिनल हाय तो. आता मिळत नाय असा."

ओरिजिनल म्हणे! ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. उभा जन्म तारापूरच्या वीजकेंद्रात मोठमोठी यंत्रं सांभाळली या माणसाने, आणि घरच्या यंत्रापुढे बायको उभी केली! शेवटी एका सकाळी नामदेव बंदरावर गेलेले पाहून तिने बोईसरच्या हितेश मेकॅनिकला नवा कार्बोरेटर घेऊन मुरब्याला घरी बोलावलं.

नामदेव परतले तेव्हा काम उरकलं होतं. हितेशने किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू!

"बघा!" मंजुळाला आनंद मावेना. "आता जा कुठं जायचं तिथं. एकटेच जा!"

नामदेवांचा चेहरा पडला.

हितेश खाली उतरला. जुना कार्बोरेटर फडक्याने पुसत म्हणाला, "काका, यात बिघाड नव्हताच. चोकची तार तेवढी सुटलेली होती. ती जोडली की हात दाबायला लागत नाय. मागं मी जोडत होतो, तर तुमीच नको म्हणालात."

मंजुळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हंजे इतकी वर्सं मला मुद्दाम उन्हात उभं केलंत? कशापायी?"

नामदेवांनी खिडकीतून हात घालून गाडी बंद केली.

"नुसतं फिरायला चल म्हटलं, तर तू कदी आलीस काय?" ते म्हणाले. "गाडीला तू लागतेस म्हटलं, तवाच येत होतीस."