तेग्वेनचं अक्षर

नवरा इद्वाल मरून मोकळा झाला. पण कवींच्या मेळ्यात त्याला मानाची खुर्ची मिळवून देणारी कविता तेग्वेनची होती, आणि हे तिला जिवंतपणी सिद्ध करायचं होतं. मेळ्यात कविता टोपणनावानं जाते, खरं नाव बंद पाकिटात. त्या पाकिटात इद्वालनं स्वतःचं नाव घातलं होतं.

अभिलेखागारात सोमवारी तिनं कवितेचे कच्चे खर्डे पाहिले, सगळे तिच्याच अक्षरात. मंगळवारी मात्र निम्मे त्याच्या अक्षरात!

“अगं, काल हे सगळे माझे होते!”

“सगळ्या कवींच्या बायका हेच म्हणतात, आजी,” तिथली कारकून मेलेरी हसली. “तक्रार लिहून द्या, खाली सही करा.”

तेग्वेननं पेन्सिल ओढली आणि ठसक्यात स्वतःचं नाव लिहिलं.

अक्षर इद्वालचं होतं.