तिसरं सँडविच

"तीन द्या," ताईने काउंटरवाल्याला सांगितलं. "दोन सगळं घालून. आणि एकात कांदा अजिबात नको हं, चुकूनसुद्धा."

"बिनकांद्याचं वेगळं करावं लागेल. थोडं मागून येईल," तो म्हणाला.

येऊ दे की. ताईला ते मागूनच यायला हवं होतं. धाकटी पुढे जाऊन टेबल शोधत होती, तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं.

धाकटीने अगदी कोपऱ्यातलं टेबल धरलं. भिंतीला पाठ, दाराकडे तोंड. बॅग खाली पायाशी ओढली आणि तिचा पट्टा घोट्याभोवती गुंडाळून घेतला.

"अगं, कोण पळवतंय तुझी बॅग?" ताई हसली. "आहे काय त्यात? चार कपडे नि एक टॉवेल!"

धाकटी हसली नाही. आज चारच्या बसने ती दुसऱ्या शहरात जाणार होती. तिथे नोकरी मिळाली होती, खोली ठरली होती. नवऱ्याला पत्ता नव्हता. सांगितलं होतं ते फक्त ताईला, तेही गळ्याची शपथ घालून. का जातेस, असं विचारलं की एकच उत्तर, "पटत नाही." पुढे विचारलं की "जाऊ दे ना, ताई."

आता पटत नाही हे काय कारण झालं? ताईचं तरी कुठे पटत होतं? नवऱ्याच्या घोरण्याशी तिचं लग्न झाल्यापासून पटलेलं नव्हतं, म्हणून काय बॅग भरून निघायचं? राईचा पर्वत करायची खोडच आहे पोरीला, असं ताईचं मत होतं. तरी रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठून तिने सरळ धाकटीच्या नवऱ्याला फोन लावला. तो फोनवर हमसून हमसून रडला. "माझं चुकलं, ताई. एकदा फक्त भेटू दे." एवढा धिप्पाड माणूस असा रडतो म्हटल्यावर ताईला भरून आलं. तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

दोन सँडविचं आली. लेबनीज पद्धतीची पातळ रोटी, आत मांसाचे काप, लोणच्यातल्या मुळ्याचे तुकडे, लसणाचं पांढरंशुभ्र सॉस. धाकटी तुटून पडली. काउंटरमागे फिरत्या सळईवर मांस भाजत होतं, आणि तिथला माणूस मधूनमधून सुरीला धार लावत होता. त्या आवाजाने धाकटी दर वेळी दचकायची. दार उघडलं की घास तोंडातच थांबायचा. कोणी दुसरंच आहे असं दिसलं की पुन्हा खायला लागायची.

"सावकाश गं बाई! ठसका लागेल. आणि हनुवटी पूस आधी, दाढी आल्यासारखी दिसतेस."

यावर मात्र धाकटी हसली. शाळेत असताना हसायची तशी, डोळे मिटून, खांदे हलवत. कितीतरी दिवसांनी हसली असेल. ताईला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! होईल सगळं नीट, ती मनात म्हणाली.

तेवढ्यात काउंटरवाला तिसरी प्लेट ठेवून गेला. "हे बिनकांद्याचं."

धाकटीचं हसू जागच्या जागी विरलं.

"रागावू नकोस," ताई घाईघाईने म्हणाली. "येतोय तो. चार शब्द बोलायचे, बस्स. नाहीच पटलं तर मी स्वतः तुला बसमध्ये बसवून देते."

आता आरडाओरडा होणार म्हणून ताई तयारच होती. धाकटी ओरडली नाही. तिने हातातलं सँडविच कागदात नीट गुंडाळून ठेवलं.

"कुठल्या शहरात जाणार ते सांगितलंस त्याला?"

"हो."

"खोलीचा पत्ता?"

"त्याने विचारला म्हणून... अगं, नवराच आहे ना तुझा!"

दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली, तोंडभर हसू. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू तेच कळत नाही," तो म्हणाला आणि बसायच्या आधीच टेबलाखाली वाकला. "ही बॅग कशाला पायात? गाडीत ठेवून येतो. खायचं बांधूनच घेऊ, घरी जाऊन खाऊ."

बॅग ओढली तशी पट्ट्याने धाकटीचा पायही ओढला गेला. तिने खाली वाकून स्वतःच पट्टा सोडवला. बॅग उचलून तो बाहेर गेला.

"बघ, किती काळजी आहे त्याला," ताई म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता. ना आरडाओरडा, ना रडारड. उगाच घाबरलो आपण, तिला वाटलं.

धाकटीने चष्मा काढला, दुमडून डबीत ठेवला आणि डबी ताईच्या पर्समध्ये सरकवली.

"तुझ्याकडे राहू दे."

"अगं वेडे, चष्म्याशिवाय तुला दिसणार काय?"

"त्याच्या गाडीत बसताना काढूनच ठेवते मी," धाकटी म्हणाली. "काच डोळ्यात गेली की निघता निघत नाही, ताई."