मैदानातली फेरी

"छान आहे, पण हा सिनेमा बघणार कोण?" मुंबईतल्या सातव्या निर्मात्यानंही कालच असं विचारून पैसे नाकारले होते. आज कॅमेरा गळ्यात अडकवून मी जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात उभी होते. माझ्या पहिल्याच माहितीपटाची नायिका, शिवलीला, लढत होती.

हलगी कडाडली. चौथ्या मिनिटाला तिनं समोरच्या पोरीला चितपट केलं! जिंकलेला पैलवान बक्षिसासाठी गर्दीतून फेरी मारतो, असा इथला रिवाजच. पण तिनं मातीनं माखलेल्या हातानं मलाच ओढलं.

"अगं, कुस्ती तू मारलीस!"

"तुझी अजून बाकी हाय. ओढणी पसर!" म्हणत ती मला घेऊन निघाली.

माइकवरून आरोळी आली, "आपल्या पोरीचा पिच्चर निघतोय! हात सैल सोडा, मंडळी!" ओढणीत नोटा पडू लागल्या. हरलेल्या पोरीच्या बापानंही शंभराची नोट टाकली. "आमच्यासाठी पहिल्या रांगेत जागा धर. माझी पोरगी चार मिनिटं टिकली, त्येबी दिसाया पायजे!"

सगळे हसले, शिट्ट्या घुमल्या.

मी त्या निर्मात्याला फोन लावला. "ऐका," म्हटलं आणि फोन गर्दीकडे उंच धरला.